गारगोटीची पाती, बोकडाची हाडं: कापखुणांचा संच करताना ठेवलेल्या नोंदी

३ जानेवारी २०२४

गेल्या वर्षी अकरावीच्या मुलांना येरवड्याला डेक्कन कॉलेजचं संग्रहालय दाखवायला नेलं होतं. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला उत्खननात प्राचीन शेतकऱ्यांची वस्ती सापडली, तिथल्या दफनांबद्दल सांगत होते. तिथे मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखालची पावलं काढून टाकलेली दिसतात. चार पायांच्या रांजणात बसत्या स्थितीत पुरलेल्या त्या एका माणसाची मात्र पावलं शाबूत आहेत. एका मुलीने विचारलं, "मॅडम, पावलं माणसांनी कापली की नंतर कोल्ह्याकुत्र्यांनी नेली, हे हाड बघून कळतं?" मी पुस्तकातलं उत्तर दिलं. देतानाच जाणवलं की कापल्याची एकही खूण मी स्वतः हातात धरून पाहिलेली नाही.

म्हणून हा संच करायला घेतला आहे. दगडी पात्याची खूण, पोलादी सुऱ्याची, दगडाने फोडल्याची, कुत्र्याच्या दाताची, माणसाच्या दाताची आणि जनावरांनी तुडवल्याची, अशी प्रत्येक खूण आपण स्वतः उमटवलेली किंवा उमटताना पाहिलेली हवी. हाडं फक्त खाटकाच्या दुकानातली. माणसाचं हाड या कामात कुठेही नाही. दुसऱ्या कुणाला असाच संच करायचा असेल तर माझ्या चुका उपयोगी पडतील, म्हणून तारखेवार लिहिते आहे.

७ जानेवारी

शिरूर तालुक्यात मावशीकडे गेले. घोड नदीच्या पात्रात तीन तास वाकून गारगोट्या गोळा केल्या. दख्खनच्या काळ्या पाषाणात जे पोकळ बुडबुडे राहिले, त्यांत भरून तयार झालेली ही गारगोटी. दगड झिजला की ती सुटून नदीत येते. आपल्या भागातल्या जुन्या लोकांची बारीक पाती याच दगडाची आहेत. साधारण सहा किलो आणली, शिवाय हातोड्यासाठी काळ्या दगडाचे पाच गोल गोटे.

एक गोष्ट ठासून सांगते. पांढरीच्या टेकाडावरून, म्हणजे जुन्या वस्तीच्या अवशेषांच्या उंचवट्यावरून, खडासुद्धा उचलायचा नाही. तिथली प्रत्येक कपची कुठे पडली आहे याला अर्थ असतो. आपल्याला लागणारा दगड नदीच्या पात्रात हवा तेवढा मिळतो.

९ आणि १० जानेवारी

गच्चीवर ताडपत्री अंथरली आणि दगड फोडायला बसले. पहिल्या दिवशी अकरा गारगोट्यांचा चुरा झाला, कामाचं पातं एकही निघालं नाही. गारगोटी आवळ्याएवढी, फार तर लिंबाएवढी. हातात धरून कडेवर घाव घालायला कोनच मिळत नाही. उजव्या अंगठ्याला चांगलीच चीर पडली.

दुसऱ्या दिवशी पद्धत बदलली. गारगोटी सपाट काळ्या दगडावर उभी धरली आणि वरून सरळ घाव घातला. आता ती संत्र्याच्या फोडींसारखी फुटू लागली. दोन तासांत वापरता येतील अशी सव्वीस पाती मिळाली. चष्मा आणि जाड हातमोजे न विसरता घाला. काम उघड्यावरच करा, कारण ही धूळ फुप्फुसाला वाईट.

२१ जानेवारी

संक्रांत उरकली आणि खरं काम सुरू झालं. नेहमीच्या मटणवाल्या चाचांकडून आठ पाये (४८० रुपये), दोन मुंड्या (५०० रुपये) आणि मागची मांडी, दोन किलो (१,५२० रुपये) घेतली. पाये न भाजता, केसांसकट द्या म्हटलं तेव्हा चाचांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

गारगोटीच्या पात्याने पायाची कातडी सोलता येते, आणि छान येते. पण चरबी लागली की पातं बोटांतून निसटतं. गोणपाटाच्या तुकड्यात धरलं की पकड येते. पहिला पाया सांध्यातून सोडवायला १९ मिनिटं लागली, चौथा ६ मिनिटांत सुटला. फरक जोराने पडला नाही. पहिल्या वेळी सांधा कुठे आहे हे कळत नव्हतं म्हणून चाचपडत चिरत होते. नंतर आधी सांधा हलवून पाहिला, मग तिथेच कापलं. पहिल्या पायाच्या हाडावर चौदा चरे मोजले, चौथ्यावर तीन.

याचा उलटा अर्थ नीट ध्यानात ठेवला पाहिजे. हाडावर खुणा थोड्या आहेत म्हणून कापणं थोडं झालं असं होत नाही. कापणाऱ्याचा हात तयार असला की खुणा कमीच राहतात.

शेळीचा पाया म्हणजे माणसाचा घोटा नव्हे. इनामगावच्या पावलांबद्दल या प्रयोगातून मी काही सिद्ध करत नाही. स्नायूबंध तुटेपर्यंत पातं कुठे कुठे हाडाला लागतं, एवढंच हाताला कळलं.

मांडीचं मांस काढताना निम्मी मांडी दगडी पात्याने सोलली, निम्मी पोलादी सुरीने. मांस वाया घालवलं नाही, रात्री रस्सा केला.

२२ ते २७ जानेवारी

हा पूर्ण आठवडा वाया गेला. हाडं कुकरमध्ये घालून चार शिट्ट्या काढल्या. बोकड कोवळा होता, त्यामुळे हाडांची टोकं अजून जुळलेली नव्हती. ती सगळी सुटून वेगळी झाली. पृष्ठभागही जागोजागी पोपडल्यासारखा झाला. उरलेली हाडं पांढरी व्हावीत म्हणून ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात रात्रभर ठेवली. सकाळी ती खडूसारखी लागत होती. बोट फिरवलं तरी भुकटी सुटे, बारीक रेघा गायब.

त्यात आणखी एक घोळ. कोणत्या हाडावर काय केलं याच्या चिठ्ठ्या मार्करने लिहिल्या होत्या. त्या उकळत्या पाण्यात धुऊन गेल्या. तीन हाडं अनाथ झाली. ती संचातून काढून टाकली, कारण ज्या खुणेची हकीकत माहीत नाही ती इथे कामाची नाही.

आता असं करते. प्रत्येक हाड बटाट्याच्या जाळीच्या वेगळ्या पिशवीत ठेवायचं. थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापून त्यावर खिळ्याने क्रमांक कोरायचा आणि पट्टी पिशवीला बांधायची. मोठ्या पातेल्यात कोमट पाणी आणि एन्झाइमवाली कपड्यांची पावडर. पाणी उकळू द्यायचं नाही, फक्त वाफाळतं ठेवायचं आणि रोज बदलायचं. तीन दिवसांत मांस आपोआप सुटतं. शेवटी पातळ केलेल्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये थोडा वेळ, आणि सावलीत वाळवण. घरात वास येतो, पातेलं गच्चीवरच ठेवा.

३ फेब्रुवारी

दुसऱ्या खेपेची हाडं स्वच्छ निघाली. पण भिंग लावून बघते तर अर्ध्या खुणा दिसेनात. मी ट्यूबलाइटखाली बसले होते, उजेड सरळ वरून पडत होता. सकाळी साडेसातला पूर्वेच्या खिडकीतून ऊन आडवं आलं आणि हाडावर एकदम रेघा उभ्या राहिल्या. मोठ्या संशोधकांचं सांगणंही हेच आहे: उजेड जोरदार आणि तिरपा हवा, भिंग दहा पटीचं पुरतं, आणि हाड हातात सतत फिरवत राहायचं. आता सायकलचा दिवा टेबलावर आडवा ठेवते. खर्च शून्य, फरक प्रचंड. संगणकाला जोडायचा छोटा सूक्ष्मदर्शक (१,८५० रुपये) मी आधीच घेऊन बसले होते. तो फोटोंना बरा आहे, पण खुणा शोधायला भिंग आणि तिरपा दिवाच लागतो.

दगडी पात्याच्या खाचेत तळाशी आणि भिंतींवर लांबीच्या दिशेने अगदी बारीक समांतर रेघा दिसतात, कारण पात्याची धार सूक्ष्मात ओबडधोबड असते. मुख्य खाचेच्या शेजारी कधी कधी एक फिकट जोडरेघ असते, तिथे पात्याचा खांदा घासलेला असतो. पोलादी सुरीची खाच अरुंद, स्वच्छ आणि खोल. हे वाचलेलं होतं. स्वतःच्या हाताने केलेल्या खाचेत दिसलं तेव्हा मी अर्धा तास एकाच हाडाकडे बघत बसले होते.

४ फेब्रुवारी

नळ्या फोडल्या. खाली मोठा दगड, वर काळा गोटा. ताजी नळी तिरकी, वळत वळत फुटते आणि तिची कड गुळगुळीत निघते. घाव जिथे बसला तिथे लहान खड्डा पडतो आणि त्याच्या आसपास बारीक ओरखडे उठतात. तुलनेसाठी गच्चीवर वर्षभर वाळलेली एक जुनी नळी फोडली. ती आडवी तुटली, कड खरबरीत. ताजं असताना फोडलं की नंतर दडपणाने मोडलं, हे यावरून ओळखतात.

दुपारी भाऊ, वहिनी आणि भाचे जेवायला होते. सगळ्यांना बरगड्यांची टोकं नेहमीसारखी चावून खायला सांगितली आणि ताटातली हाडं गोळा केली. माणूस चावतो तेव्हा बरगडीचं टोक वाकतं, चेपतं आणि त्याची कड झालरीसारखी होते. इंग्लंडमध्ये सॉमरसेटला गफची गुहा आहे. सुमारे १४,७०० वर्षांपूर्वीची माणसांची हाडं तिथे घोड्याच्या आणि हरणाच्या हाडांत मिसळलेली सापडली. तिथल्या माणसांच्या हाडांवर कापल्या-फोडल्याच्या खुणांसोबत माणसाच्याच दातांच्या खुणा नोंदवल्या आहेत. ते वाचताना मला नेहमी वाटायचं, माणसाचा दात वेगळा ओळखणार कसा? धाकट्या भाच्याच्या ताटातल्या तीन बरगड्या आता वेगळ्या डबीत आहेत.

११ फेब्रुवारी

ठसे घेण्याचा पहिला दिवस पूर्ण फसला. दातांच्या दवाखान्यात ठशासाठी वापरतात ते दोन भागांचं सिलिकॉन आणलं (२,३०० रुपये). दोन्ही भाग हाताने मळून हाडावर दाबले. चार मिनिटांत घट्ट व्हायला हवं होतं. तासाभराने पाहिलं तरी चिकट. दुसरा गोळा, तोही तसाच. निम्मा डबा संपला.

शेजारी दंतवैद्य ताई राहतात. त्यांनी दारातूनच विचारलं, "हातमोजे कसले घातलेत?" साधे लॅटेक्सचे. त्यातल्या गंधकामुळे हे सिलिकॉन जमत नाही. नायट्रिलचे मोजे घातले आणि तिसरा गोळा चार मिनिटांत जमला. मोजे, चिकटपट्टी आणि डोळ्यांचा चष्मा मिळून ३९० रुपये. वाया गेलेल्या सिलिकॉनच्या जागी पुन्हा १,१५०.

ठशात इपॉक्सी ओतून प्रतिकृती केल्या (इपॉक्सी ६४० रुपये). पहिल्या सहांमध्ये नेमक्या खाचांतच बुडबुडे अडकले. इपॉक्सीची बाटली गरम पाण्यात ठेवून पातळ केली, पहिला थर ब्रशने लावला आणि नळीने हलकी फुंकर मारली, मग उरलेलं ओतलं. बुडबुडे गेले.

सगळ्यात कामाची युक्ती ताईंनीच दिली. सिलिकॉनचा ठसा नव्या ब्लेडने आडवा कापायचा. खाचेचा उलटा छेद समोर दिसतो, महागड्या यंत्राची गरज उरत नाही. पोलादाचा छेद टोकदार इंग्रजी व्हीसारखा, दगडाचा रुंद आणि एका बाजूला कललेला.

१७ ते १९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी जोडून पुन्हा मावशीकडे गेले. दोन्ही फेऱ्यांचं पेट्रोल ८४० रुपये. तिच्या शेतात धनगरांनी मेंढ्या बसवल्या होत्या. कापखुणांचा सगळ्यात मोठा फसवा भाऊ म्हणजे तुडवल्याचे ओरखडे. जनावराच्या खुराखाली हाड खड्यांवर घासलं की रेघा उमटतात आणि त्या कापल्यासारख्या दिसू शकतात. जुन्या हाडांवरच्या खुणांबद्दल मोठमोठे वाद याच मुद्द्यावर झाले आहेत.

वाड्यावरचे मेंढका मामा म्हणाले, "बाई, हाडं कशापायी टाकता? मेंढरं बिथरतील." मी सगळं सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मंग मधी नगा टाकू. कडंला टाका, मेंढरं उठताना तितनंच जात्यात."

पहिल्या रात्री काळ्या मातीत दहा हाडं ठेवली. सकाळी सात सापडली, तीन चिखलात गेली ती गेलीच. सापडलेल्यांवर ओरखडा जवळजवळ नाहीच. मऊ मातीत घासायला काही नसतं, हे मला आधी सुचायला हवं होतं. दुसऱ्या रात्री मामांनी दाखवलेल्या कडेच्या वाटेवर मुरूम पसरला आणि त्यावर आठ हाडं मांडली. सकाळी आठही मिळाली आणि सगळ्यांवर रेघा. रेघा उथळ, तळाशी गोलसर, दिशा कशीही, एकमेकींना छेदणाऱ्या, मध्येच वळणाऱ्या. दोन रेघा मात्र इतक्या सरळ आणि धारदार होत्या, की त्या मी कापलेल्यांत ठेवल्या असत्या तर कुणाला संशय आला नसता. त्यांना क्रमांक २२ दिला.

२५ फेब्रुवारी

सोसायटीच्या वॉचमनच्या कुत्र्याला तीन हाडं दिली आणि समोर बसून राहिले. मऊ टोकं पहिल्या वीस मिनिटांत गेली. नळीवर गोल खळगे आणि रुंद, गोल तळाचे चरे राहिले. एक हाड त्याने पुरलं, ते परत मिळालं नाही.

३ मार्च

सगळी हाडं टेबलावर शरीरातल्या जागेप्रमाणे मांडली. आजवर मी एकेका खुणेकडे बघत होते. आज पहिल्यांदा सगळ्या एकत्र पाहिल्या आणि काम उलगडलं. सोलल्याच्या खुणा मुंडीवर आणि खुरांजवळ आहेत, जिथे कातडी हाडाला टेकलेली असते. सांधे सोडवल्याच्या खुणा हाडांच्या टोकांभोवती. मांस काढल्याच्या लांब खुणा नळीच्या मध्यावर. तुडवल्याच्या खुणा मात्र कुठेही, त्यांना शरीराची रचना ठाऊक नसते.

गुहेतल्या माणसांच्या हाडांचा निवाडा असाच होतो. फ्रान्समधल्या मूला-गर्सी गुहेत सुमारे १ लाख वर्षांपूर्वीच्या सहा निअँडरथल (आता नामशेष झालेली आदिमानवांची जात) व्यक्तींची हाडं आहेत. त्याच गुहेतल्या हरणांच्या हाडांवर कापल्या-फोडल्याच्या खुणा जशा आहेत तशाच या माणसांच्याही आहेत. म्हणून १९९९ मध्ये तिथे माणसाने माणूस खाल्ला असं ठामपणे मांडता आलं. हरणाचं हाड शेजारी नसतं तर हा निष्कर्ष लंगडा पडला असता.

पण कापलं म्हणजे खाल्लंच असंही नाही. इथिओपियातल्या हेर्तो इथे सुमारे १ लाख ६० हजार वर्षांपूर्वीची एका मुलाची कवटी सापडली आहे. तिच्यावर कापखुणा आहेत आणि हाताळून हाताळून ती गुळगुळीत झालेली आहे. कुणीतरी ती जपली असावी. गफच्या गुहेत तर दोन्ही गोष्टी आहेत: हाडं चघळली आहेत, आणि दोन प्रौढांच्या व सुमारे तीन वर्षांच्या एका मुलाच्या कवट्यांच्या वाट्या अतिशय काळजीपूर्वक घडवल्या आहेत. कापखुणा म्हटलं की वर्गात "नरभक्षक!" असा गलका होणार, हे मला माहीत आहे. म्हणून हेर्तोचं उदाहरण मी आधी सांगणार आहे.

मुंडी सोलताना माझे स्वतःचे चरे कसे पडले हे त्या वाट्यांचे फोटो बघताना सारखं आठवतं. डोळ्याच्या खोबणीशी आणि कानामागे पातं हमखास हाडाला लागतं.

१० मार्च

परीक्षा. क्रमांक झाकून तीस हाडं मांडली. मी १९ बरोबर ओळखली. मागच्या वर्षी प्रश्न विचारणारी मुलगी आता बारावी देऊन मोकळी होत आली आहे, तिला बोलावलं होतं. तासभर शिकवल्यावर तिने २१ ओळखली. माझ्या अकरा चुकांपैकी सात दगडी पातं आणि मुरूम यांच्यातल्या होत्या. मी खुणेचा आकारच बघत राहिले. तिने आधी हाड कोणतं आणि त्यावर खूण कुठे आहे हे विचारलं, मग भिंग लावलं. पुढच्या फेरीत मीही तसंच केलं, २६ आली.

१६ मार्च

रोजे चालू आहेत, दुपारी चाचांचं दुकान रिकामं होतं. ट्रे आणि लॅपटॉप घेऊन गेले. चाचांनी हात धुतले, चष्मा लावला आणि एकेक हाड उचलून, उजेडाकडे तिरपं धरून पाहिलं. तिरपं धरायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

क्रमांक ३ बघून म्हणाले, "ही शिकाऊ हाताची. सांधा सापडला नाही म्हणून हाडावर घासलंय. पातं सांध्यात शिरलं की हाडाला लागायचं कारणच नाही." तो माझा पहिला पाया होता.

मग क्रमांक ३१. मी त्यावर "पोलादी सुरी, मांस काढताना" असं लिहिलं होतं. चाचांनी मान हलवली. "ताई, इथं सुरा असा आडवा येतच नाही. मांस काढताना हात हाडाच्या लांबीने चालतो. हे मांस गेल्यावर कुणीतरी खरवडलंय."

घरी येऊन वही पाहिली. २ फेब्रुवारीला त्या हाडावरचा चिवट पडदा मी स्वयंपाकघरातल्या उलथन्याने काढला होता. खूण माझ्याच साफसफाईची होती आणि महिनाभर ती मी पुरावा म्हणून जपली होती. खऱ्या उत्खननातही खुरप्याच्या आणि घासणीच्या खुणा होतात. जुन्या हाडावर त्या आजूबाजूच्या रंगापेक्षा फिकट दिसतात म्हणून पकडता येतात. माझी सगळी हाडं एकाच रंगाची, तिथे ती सोय नाही. संचात "साफ करताना झालेल्या" असा नवा कप्पा केला. ३१ त्यात पहिला. इथून पुढे सफाईला फक्त लाकडी काडी आणि जुना दातांचा ब्रश.

२४ मार्च

हिशेब: पेट्रोल ८४०, मटण-पाये-मुंड्या २,५००, सूक्ष्मदर्शक १,८५०, सिलिकॉन ३,४५०, इपॉक्सी ६४०, किरकोळ ३९०. एकूण ९,६७० रुपये. सूक्ष्मदर्शक नाही घेतला आणि मोजे आधीच नीट घेतले तर सात हजारांच्या आत जमेल. वेळ अकरा आठवडे, त्यातले तीन चुकांचे.

संचात ४६ तुकडे आहेत. क्रमांक २२ कोणत्याही कप्प्यात न ठेवता वेगळ्या डबीत ठेवला आहे. डबीवर फक्त क्रमांक आहे.

एक कप्पा अजून रिकामा आहे, मुळांच्या खुणांचा. मुळं हाडावर नागमोडी खोबण्या कोरतात आणि त्याही फसवतात. दोन हाडं गच्चीवरच्या कुंड्यांत पुरली आहेत, एकात हरळी, एकात गवती चहा. पावसाळा संपल्यावर उकरेन. तोवर कुंड्यांना रोज पाणी घालायचं आणि हरळी कुणी उपटणार नाही हे बघायचं. आईला सांगून ठेवलं आहे.